वर्तन विश्लेषणातलं सुपरव्हिजन आणि मेंटॉरशिप

बिहेवियर ॲनालिसिस म्हणजे वर्तन विश्लेषण, वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडतं ते बघून शिकवायचं शास्त्र, आणि या क्षेत्रातले क्लिनिशियन मुख्यतः ऑटिझम असलेल्या मुलांसोबत आणि मोठ्यांसोबत काम करतात, शिवाय शाळा, पुनर्वसन, कामाच्या जागा अशा ठिकाणीही असतात. हे काम नुसती पुस्तकं वाचून येत नाही, कुणाच्यातरी देखरेखीखाली शेकडो तास घालवावे लागतात. त्या देखरेखीला सुपरव्हिजन म्हणतात. मेंटॉरशिप त्याच्या जवळचीच पण वेगळी गोष्ट आहे. सुपरव्हिजनचे तास मोजले जातात, त्यावर सह्या होतात. मेंटॉरशिप कुठल्याच फॉर्मवर येत नाही, पण माणूस या पेशात टिकतो की सोडून जातो हे बरेचदा तिच्यावरच ठरतं.

क्षेत्र तसं तरुण आहे. 1968 मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस सुरू झालं आणि त्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांनी या कामाच्या सात कसोट्या मांडल्या, त्या आजही ट्रेनीला पहिल्यांदा शिकवतात. पण कोण हे काम करू शकतो याला बराच काळ काही धरबंध नव्हता. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या एका सरकारी संस्थेत वर्तन सुधारण्याच्या नावाखाली तिथे राहणाऱ्यांचे हाल झाल्याचं उघड झालं, मग तिथे नियम आले, परीक्षा आली, आणि त्याच वाटेवर पुढे 1998 मध्ये बीएसीबी हे प्रमाणपत्र देणारं मंडळ उभं राहिलं. म्हणजे देखरेखीची ही सगळी व्यवस्था माणसांना झालेल्या इजेतून आलेली आहे, आणि नवीन ट्रेनीला हा इतिहास सांगितलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, नाहीतर त्याला हे सगळं नुसतं कागदकाम वाटतं.

पायऱ्या साधारण अशा. सगळ्यात जास्त संख्येने आहेत आरबीटी, म्हणजे मुलासोबत प्रत्यक्ष बसणारे टेक्निशियन, हे प्रमाणपत्र 2014 पासून आहे आणि त्याला 40 तासांचं ट्रेनिंग लागतं. नंतरही महिन्याला जितके तास सेवा दिली त्याच्या किमान 5 टक्के वेळ देखरेखीत जायला हवा. वरची पायरी बीसीबीए, म्हणजे योजना आखणारे आणि टेक्निशियनवर देखरेख करणारे विश्लेषक, ज्याला मास्टर्स डिग्री आणि फील्डवर्क दोन्ही लागतं. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे 2000 तास करायचे तर त्यातले 5 टक्के सुपरव्हिजनचे, आणि कमी तासांचा पण जास्त देखरेखीचा 1500 तासांचा पर्याय घेतला तर 10 टक्के. ट्रेनी आणि सुपरव्हायजर या दोघांमध्ये आधीच लेखी करार होतो, दर महिन्याला फॉर्मवर सह्या होतात, आणि कागद दोघांनी 7 वर्षं जपून ठेवायचे. ज्यांनी शेवटच्या क्षणी जुने तास सिद्ध करायची धावपळ केलीय त्यांना हा नियम का आहे ते विचारावं लागत नाही.

आता खरं शिकणं कसं होतं ते बघू. सगळ्यात आधी बघायला शिकवतात. ट्रेनी लिहितो "मूल चिडलं", सुपरव्हायजर विचारतो चिडलं म्हणजे नक्की काय दिसलं, मग ट्रेनी परत लिहितो की खेळणं उचलल्यावर काही सेकंदांत जमिनीवर बसलं, पाय आपटले, खेळणं परत मिळाल्यावर थांबलं. या दुसऱ्या वाक्यात आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे दोन्ही आलं, आणि वर्तनाचं कारण तिथेच शोधायचं असतं. मग दोघं एकच सेशन वेगवेगळं मोजतात आणि आकडे जुळवतात, 80 टक्क्यांच्या खाली जुळलं तर व्याख्याच परत तपासतात.

कौशल्य शिकवायची ठरलेली पद्धत आहे, तिला बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग म्हणतात: सांगायचं, करून दाखवायचं, करून घ्यायचं, फीडबॅक द्यायचा आणि जमेपर्यंत परत करायचं. गंमत म्हणजे ज्या शास्त्राने मुलाला शिकवतात त्यानेच मोठ्यांनाही शिकवायचं असतं, त्यामुळे जो सुपरव्हायजर मुलाच्या प्रत्येक छोट्या प्रयत्नाला दाद देतो पण ट्रेनीला फक्त चुकाच सांगतो, तो स्वतःचंच शास्त्र विसरलेला असतो. असे लोक कमी नाहीत. चुकीच्या भीतीने ट्रेनी डेटा सजवून लिहायला लागतो आणि मग त्या डेटावर घेतलेला प्रत्येक निर्णय मुलाला भोगावा लागतो.

2022 पासून लागू झालेल्या बीएसीबीच्या आचारसंहितेत सुपरव्हायजरसाठी वेगळा भाग आहे: जे स्वतःला येतं त्यातच देखरेख करायची, झेपतील तितकेच ट्रेनी घ्यायचे, आणि आपल्या देखरेखीचा उपयोग होतोय का हेही तपासायचं. सुपरव्हायजर व्हायला आधी 8 तासांचं ट्रेनिंग लागतं, आणि पहिल्या वर्षात फील्डवर्क करणाऱ्या ट्रेनीला घेतलं तर स्वतःच्या वर एक अनुभवी सल्लागार ठेवावा लागतो.

तरी सगळ्यात मोठी पोकळी प्रमाणपत्र मिळाल्यावर येते. काल पर्यंत आठवड्याला कुणीतरी सेशन बघायचं, आज अचानक पूर्ण केसलोड, आईवडिलांचे प्रश्न, इन्शुरन्सचे रिपोर्ट आणि हाताखाली स्वतःचे टेक्निशियन, आणि विचारायला कुणी नाही. बर्नआउट बरेचदा इथूनच सुरू होतो. चांगला मेंटॉर इथे उपाय सांगत बसत नाही, तो केस ऐकतो, डेटा मागतो, आणि "मला हे माहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जाऊ" हे वाक्य स्वतः उच्चारून दाखवतो. पगार कसा मागायचा, न जमणारी केस कशी सोपवायची, डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टशी मतभेद झाला तर काय बोलायचं, हेही तिथेच कळतं.

ऑटिस्टिक मोठी माणसं आपल्या लहानपणच्या थेरपीबद्दल जे बोलतात ते ऐकणं हासुद्धा आता चांगल्या मेंटॉरशिपचा भाग झालाय. मुलाची संमती, म्हणजे शब्दांशिवाय दिलेली सुद्धा, आचारसंहितेत आली आहे, पण ती कशी ओळखायची हे वाचून समजत नाही. मूल मान फिरवतं, हात मागे घेतं, सुपरव्हायजर साहित्य बाजूला ठेवतो, थांबतो, मूल परत येईपर्यंत वाट बघतो, आणि बाजूला बसलेला ट्रेनी ते बघत असतो.