फोर बाय फोरचा बिल्ला आणि त्याच्या मागचं यंत्र

नवीन फोर व्हील ड्राइव्ह (म्हणजेच फोर बाय फोर, चारही चाकांना ताकद देणारी) वॅगन, म्हणजे छत मागपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेली कार, घ्यायची म्हणून तीन-चार कंपन्यांची ब्रोशर्स शेजारी शेजारी मांडली की पहिला घोळ तिथंच होतो, कारण सगळ्यांवर शब्द एकच छापलेला असतो आणि त्या शब्दाखाली दडलेली यंत्रं मात्र एकमेकांची चुलत भावंडंसुद्धा नसतात. एकाच कंपनीत बघा ना. ऑडीचा 'क्वाट्रो' बिल्ला ए-थ्रीवर असतो तेव्हा खाली एक प्रकारची यंत्रणा असते, जुन्या ए-सिक्स ऑलरोडवर असतो तेव्हा दुसरी, आणि २०१६ पासून आलेल्या 'क्वाट्रो अल्ट्रा'मध्ये तिसरीच. बिल्ला तोच. म्हणून म्हणतो, बिल्ला बघून तुलना करायची नाही, खाली काय बसवलंय ते विचारायचं.

त्याआधी एक साधा प्रश्न. चारही चाकांना ताकद दिल्यानं नेमकं होतं काय?

टायर रस्त्याला किती जोरात ढकलू शकतो हे दोनच गोष्टींवर ठरतं, त्याच्यावर वजन किती आहे आणि टायर-रस्ता यांच्यातलं घर्षण किती आहे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ च्या आसपास असतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ वगैरे, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ०.१ पर्यंत घसरतो. आता पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. रिकामी असताना तिचं साधारण ६०% वजन पुढे असतं, कारण इंजिन, गिअरबॉक्स सगळं तिकडेच. म्हणजे बर्फावर तिला ०.२ गुणिले ०.६, म्हणजे ०.१२ इतकीच ढकलण्याची ताकद वापरता येते, तिच्या एकूण वजनाच्या १२%. सोप्या भाषेत, १०० मीटर पुढे गेल्यावर १२ मीटर वर जाणारा चढ ही तिची हद्द. चारही चाकं ढकलायला लागली की सगळं वजन कामाला येतं आणि तीच हद्द २० मीटर होते.

आणि इथं वॅगनची स्वतःची एक भानगड आहे, जी ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही. वॅगन माणूस घेतोच कशासाठी, तर मागे सामान भरायला. मागच्या सीटवर तीन माणसं, डिकी छतापर्यंत भरलेली, वर ट्रेलर ओढायचा असेल तर त्याचा भार गाडीच्या शेपटीवर. हे सगळं वजन मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या जोडीवर पडतं आणि पुढच्या चाकांचा वाटा ६० वरून ५०% वर येतो, ट्रेलर असेल तर अजून खाली. चढावर गाडीचं नाक वर झालं की वजन आणखी मागे सरकतं. म्हणजे ज्या वेळी ताकद सगळ्यात जास्त लागणार नेमक्या त्याच वेळी पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरायला लागतात! त्यामुळे माझं मत असं की पुढून चालणाऱ्या सेडानपेक्षा वॅगनला फोर व्हील ड्राइव्हची गरज खरंच जास्त आहे, हा नुसता दिखावा नाही.

वॅगन आणि फोर व्हील ड्राइव्ह ही जोडी जमली तीही अशाच गरजेतून. जपानच्या ईशान्य भागातल्या तोहोकू इलेक्ट्रिक या वीज कंपनीला बर्फातून डोंगरात जाऊन लाइनची कामं करायची होती, जीप होत्या पण त्यात माणसं गारठायची, म्हणून सुबारू या मोटार कंपनीकडे विचारणा झाली की चार चाकांवर चालणारी पण नेहमीच्या कारसारखी बंदिस्त, उबदार गाडी मिळेल का. त्यातून पुढे १९७२ मध्ये लिओनी फोर व्हील ड्राइव्ह वॅगन बाजारात आली. तसं बघितलं तर रस्त्यावरच्या गाडीला चार चाकांची ताकद देण्याचा मान १९६६ च्या ब्रिटिश जेन्सन एफएफला जातो, पण ती महागडी, दोन दारांची कूपे होती आणि फक्त ३२० बनल्या. १९८० ची ऑडी क्वाट्रो लोकांना जास्त माहिती आहे, रॅलीमुळे.

बरं, त्या पहिल्या लिओनीत एक लिव्हर होता. घसरडं लागलं की ओढायचा, मागची चाकं पुढच्यांशी पक्की जोडली जायची, कोरडा रस्ता लागला की परत सोडायचा. परत का सोडायचा, तर वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही ॲक्सल पक्के जोडलेले असतील तर हा फरक जायला जागाच नसते, शाफ्ट आणि गिअर पीळ खातात, गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं. बर्फावर टायर थोडा घसरून हा पीळ सोडवतो, कोरड्या डांबरावर नाही सोडवत. गेल्या पन्नास वर्षांतली सगळी इंजिनिअरिंग, मी तर म्हणेन, या एका पिळावर उतारा शोधण्यात गेली.

पहिला उतारा म्हणजे मधलं डिफरन्शियल. पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं, वळण सुटतं. पण साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ते दोन्हीकडे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सारखाच देतं, आणि एका बाजूला चाक हवेत फिरत असेल तर तिकडे टॉर्क जवळजवळ शून्य, म्हणून दुसऱ्या बाजूलाही शून्य. चार चाकांची गाडी एका चाकामुळे जागेवर अडकते. यावर टॉर्सेन नावाचं डिफरन्शियल आलं, वर्म गिअरचं, म्हणजे स्क्रूसारख्या दातांच्या गिअरचं, ज्या ॲक्सलला पकड जास्त त्याला ते काही पटीत जास्त टॉर्क देतं, कुठलाही सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, नुसती गिअरच्या दातांची करामत. मला वैयक्तिक हे फार आवडतं. पण यातही एक चाक पूर्ण उचललं गेलं तर शून्याची कितीही पट केली तरी शून्यच, म्हणून तिथं ब्रेकची मदत घ्यावी लागते.

दुसरा उतारा क्लचचा, आणि आजच्या बहुतेक वॅगनमध्ये हाच आहे. गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते, मागच्या ॲक्सलपाशी तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक गठ्ठा असतो, कॉम्प्युटरनं सांगितलं की पंप तेलाचा दाब वाढवतो, चकत्या एकमेकींना चिकटतात आणि मागची चाकं कामाला लागतात. हॅल्डेक्स या स्वीडिश कंपनीचं असं कपलिंग १९९८ मध्ये ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फमध्ये आलं आणि तेव्हापासून या प्रकाराला लोक सरसकट हॅल्डेक्सच म्हणायला लागले. सुरुवातीच्या पिढीत पुढचं चाक जरासं घसरल्याशिवाय दाबच तयार व्हायचा नाही, म्हणून तेव्हाच्या लोकांनी याला नावं ठेवली. नंतर इलेक्ट्रिक पंप आला आणि आता गाडी सुटतानाच, ॲक्सिलरेटर दाबल्या दाबल्या, क्लच आधीच थोडा आवळून ठेवता येतो. स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीचं फोर बाय फोर रूप याच वाटेनं जातं. सुबारू आउटबॅकमध्येही मध्ये क्लचच आहे, फक्त तो पूर्ण सुटत नाही, मागची चाकं कायम थोडीफार ओढत असतात.

तिसरा उतारा सगळ्यात नवा, पुढून मागे ताकद नेणारा मधला शाफ्टच काढून टाकायचा. पुढे इंजिन, मागे स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर, दोघांमध्ये लोखंडाचा संबंध नाही, फक्त वायर. टोयोटानं २००१ च्या एस्टिमा हायब्रिडमध्ये हे केलं, व्होल्वोची व्ही-६० प्लग-इन वॅगनही अशीच. पीळ खायला काही उरलंच नाही आणि मोटर क्लचपेक्षाही झटकन प्रतिसाद देते. मात्र इथं एक प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारायचा, मागची मोटर किती किलोवॅटची आहे आणि किती वेळ सलग चालते. काही हायब्रिडमध्ये ती इतकी छोटी असते की बर्फातून गाडी सुटण्यापुरती मदत करते, आणि लांब चिखलाचा चढ असेल तर तापून हात वर करते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातला प्रकार.

आता पैशांचं बोलू. फोर व्हील ड्राइव्हसाठी मोजलेली रक्कम ही पहिला हप्ता समजा. यंत्रणेचं वजन ढोबळमानानं ६० ते १०० किलो, ते कायम वाहायचं, रस्ता कोरडा असला तरी. त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी होतं. क्लचच्या तेलाची बदली वेगळी, आणि सर्व्हिसच्या यादीत ती नीट वाचली नाही तर राहून जाते, चकत्यांची पूड पंपाच्या जाळीत अडकते आणि मग मागची चाकं गुपचूप काम बंद करतात, ड्रायव्हरला पत्ताच नाही, कारण कोरड्या रस्त्यावर गाडी पुढच्या चाकांवर मजेत पळत असते. जुनी वॅगन बघायला गेलात तर हे नक्की तपासा.

टायरचा खर्च तर लोकांच्या डोक्यातच येत नाही. समजा टायरचा घेर २ मीटर आहे, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. आता दोन टायर नवीन, ८ मिलिमीटर नक्षी असलेले, आणि दोन अर्धे झिजलेले, ४ मिलिमीटरवर. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे झिजलेला टायर किलोमीटरला ५०६ फेरे मारणार. सहा फेरे जास्त, प्रत्येक किलोमीटरला, सरळ रस्त्यावरसुद्धा. यंत्रणेला वाटतं गाडी सतत वळतेय किंवा घसरतेय आणि क्लच किंवा डिफरन्शियल विनाकारण तापत राहतं. म्हणून एक टायर फाटला तर कधीकधी चारही बदलावे लागतात. हे हिशोबात धरलं नाही तर 'व्हॅल्यू फॉर मनी'ची सगळी गणितं चुकतात.

आणि टायरचा विषय निघालाच आहे तर, सगळ्यात मोठा गैरसमज ब्रेकचा. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना फोर व्हील ड्राइव्हचा काडीचाही फायदा नाही. ताशी ५० किलोमीटर वेगानं ०.२ गुणांकाच्या बर्फावर ब्रेक दाबला तर गाडी ४९ मीटरवर थांबेल, मग बिल्ला कुठलाही असो. चांगले हिवाळी टायर घालून गुणांक ०.३ झाला तर ३३ मीटर. सोळा मीटर वाचले, म्हणजे तीन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा, आणि ती यंत्रणेनं नाही, रबरानं दिली. उलट फोर व्हील ड्राइव्हचा धोका असा की गाडी बर्फावर इतकी सहज सुटते की रस्ता किती घसरडा आहे हे पायाला कळतच नाही, ते कळतं पहिल्या वळणावर. मी एकदा ओळखीच्यांच्या अशाच चार चाकांच्या वॅगनमध्ये बसलो होतो, टायर गुळगुळीत झालेले, ओल्या गवताच्या हलक्याशा चढावर चारही चाकं एकदम सुरात फिरत होती आणि गाडी तसूभर हलत नव्हती. शेवटी ढकलायला मीच उतरलो. बजेट अडलं तर माझा कौल स्पष्ट आहे, वरच्या मॉडेलची मोठी अलॉय व्हील्स सोडा आणि ते पैसे टायरच्या दुसऱ्या सेटला लावा.

ग्राउंड क्लिअरन्सचंही, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातल्या मोकळ्या जागेचंही, थोडं असंच. खोल बर्फात किंवा चाकोरीत गाडी पोटावर टेकली की चाकांवरचं वजनच निघून जातं, मग चार काय आठ चाकं फिरली तरी उपयोग नाही. व्होल्वो व्ही-६० क्रॉस कंट्री साध्या व्ही-६० पेक्षा बरीच उंच आहे, आउटबॅक युरोपात २१३ मिलिमीटरवर होती, ही उंची बऱ्याच एसयूव्हींच्या बरोबरीची आहे. मर्सिडीजच्या ई-क्लास ऑल-टेरेनला एअर सस्पेन्शन मिळतं, पाहिजे तेव्हा वर, हायवेवर खाली, झकास प्रकार, फक्त दहा वर्षांनी त्या हवेच्या पिशव्या बदलायची वेळ येईल तेव्हा गाडी आपल्याकडे नसावी ही प्रार्थना. वॅगन लांब असते, नाक आणि शेपूट चाकांच्या बरंच पुढे-मागे येतं, त्यामुळे दगडधोंड्यांत ती पहिल्यांदा बंपर घासणार, हे मान्य करूनच घ्यायची.

मग एसयूव्हीच का घेऊ नये? हवेमुळे. वॅगन साधारण दीड मीटर उंच, त्याच लांबीची एसयूव्ही १.७ च्या आसपास, म्हणजे हवेला भिडणारं तोंड मोठं. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे गावात हा फरक जाणवत नाही पण हायवेवर टाकी लवकर रिकामी होते. शिवाय वॅगनचा गुरुत्वमध्य खाली, वळणावर कमी झुकते, आणि सामान उचलून छातीपर्यंत न्यावं लागत नाही. ऑक्टाव्हिया कॉम्बीची डिकी ६४० लिटरची आहे, तिच्यापेक्षा उंच दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांना एवढी जागा नाही. तरी लोकांना उंच बसायला आवडतं त्याला काय करणार, २०२५ मध्ये आलेली नवी आउटबॅकसुद्धा चौकोनी होत होत एसयूव्हीसारखीच दिसायला लागलीये.

शोरूममध्ये गेलात तर टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा, गाडी अडखळत असेल तर मधला पीळ सुटत नाहीये. आणि डिकीचा पत्रा उचलून स्टेपनी बघा. तिथं बारीक, छोट्या घेराची स्टेपनी असेल तर ती लावून किती अंतर आणि किती वेगानं जायला परवानगी आहे ते मॅन्युअलमध्ये शोधायला सांगा. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये तर यासाठी बॉनेटखाली एक रिकामी फ्यूजची जागा असायची, स्टेपनी लावली की तिथं एक फ्यूज खोचायचा, आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडी पंक्चर निघेपर्यंत पुढच्या दोन चाकांवर चालायची.