टॅंगरा आणि टिरेटा बाजार: कोलकात्यातल्या चिनी वस्तीची पार्श्वभूमी

चायनीजची गाडी आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावातही लागते. तिच्यावर मिळणाऱ्या मंच्युरियनचं श्रेय सहसा नेल्सन वँग यांना दिलं जातं. १९७५ मध्ये मुंबईत त्यांनी ते पहिल्यांदा केलं. वँग मूळचे कोलकात्याचे. तिथल्या ज्या चिनी समाजात ते जन्मले, त्याची कहाणी मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

सुरुवात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. टाँग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने हुगळीकाठी, बजबजजवळ जमीन दिली. त्याने तिथे ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला, चिनी कामगार आणले. कारखाना काही टिकला नाही. गावाचं नाव मात्र अछीपूर पडलं, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातली कुटुंबं अजूनही अच्यूच्या थडग्यावर जातात.

पुढे माणसं शहरात, लालबाजारच्या मागे टिरेटा बाजारात स्थिरावली. ज्याचा प्रांत वेगळा, त्याचा धंदा वेगळा. कँटनकडचे सुतार, हुपेईचे दंतवैद्य, हाक्का या चिनी समाजाचे लोक चांभारकाम करणारे. बेंटिंक स्ट्रीटवरची जोड्यांची दुकानं हाक्कांचीच. चामडं कमावणं सवर्ण हिंदूंनी विटाळाचं ठरवलेलं, त्यामुळे या धंद्यात त्यांना जागा मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शहराच्या पूर्वेला, टॅंगऱ्याच्या दलदलीत टॅनऱ्या, म्हणजे चामडं कमावण्याचे कारखाने, उभारले. खाली चामड्याचे हौद, वर कुटुंबाचं बिऱ्हाड. हौदांवर राबणारे मजूर बहुतेक बिहारमधले दलित होते. या वस्तीच्या भरभराटीत त्यांच्या घामाचा वाटा मोठा आहे, आणि तो सांगायचा राहून जातो.

मग १९६२ चं युद्ध आलं. चिनी वंशाचे सुमारे तीन हजार लोक, त्यातले बरेचसे आसाम आणि उत्तर बंगालमधले, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती, इथेच जन्मलेली माणसं होती. खटला कुणावरच चालला नाही. काहींना जहाजाने चीनला पाठवलं. शेवटचे लोक सुटले ते १९६७ मध्ये. कोलकात्यात राहिलेल्यांनाही पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, शहराबाहेर जायला परवानगी लागे. सरकारने आजवर याबद्दल माफी मागितलेली नाही. ती मागायलाच हवी होती.

ज्यांना जमलं ते कॅनडाला गेले. आज टोरोंटोत ‘हाक्का’ पाटीची हॉटेलं दिसतात, तिथे आपल्या ओळखीचं चिली चिकन मिळतं. मागे राहिलेल्यांना दुसरा धक्का बसला १९९६ मध्ये. प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितलं. त्यांच्यासाठी बांतला इथे चर्मसंकुल ठरलं. दूषित पाण्याचा प्रश्न खराच होता, पण नव्याने पैसा घालून तिकडे जाणं अनेक कुटुंबांना परवडलं नाही. काहींनी धंदा बंद केला, काहींनी त्याच आवारात हॉटेलं काढली, काही सॉसच्या धंद्यात उतरले.

एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आता दोनेक हजारांवर आला आहे. टॅंगऱ्यात चिनी काली मंदिर आहे, तिथे प्रसादाला नूडल्स असतात. टिरेटा बाजारात सकाळी मोमो आणि वाफवलेले चिनी पाव विकणाऱ्यांत चिनी कुटुंबं थोडीच उरली आहेत. ‘सेओंग पाव’ हे चिनी दैनिक २०२० मध्ये, करोनाच्या काळात, थांबलं, आणि त्याच वर्षी संपादकांचं निधन झाल्यावर पुन्हा सुरू झालं नाही. ते चालवायला चिनी लिहिता-वाचता येणारी तरुण माणसं वस्तीत उरली नव्हती.