पामची बी उगवायला इतका वेळ का घेते?

जास्वंदीची फांदी मातीत खोचली तर रुजते, गुलाबावर डोळा भरता येतो. पामच्या बाबतीत यातलं काहीच चालत नाही. कलम जुळतं ते सालीखालच्या एका पातळ थरामुळे. कॅम्बियम नावाचा हा थर नव्या पेशी तयार करत राहतो, खोड जाड करतो आणि दोन झाडांचे काप एकमेकांना सांधतो. पाम एकदल वनस्पती असल्यामुळे त्यांच्या खोडात हा थरच नसतो. अरेका पामसारखी बेटाने वाढणारी झाडं विभागून लावता येतात, खजुराला बुंध्याशी फुटवे येतात. पण रॉयल पाम, बॉटल पाम, बिस्मार्किया या एकखोडी झाडांना वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यावर. तो कापला की झाड गेलंच. त्यामुळे घरी नवं रोप करायचं तर बी हाच मार्ग उरतो.

हा मार्ग लांबचा आहे. वॉशिंग्टोनिया दोन-चार आठवड्यांत उगवतो, अरेका एक ते तीन महिन्यांत. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरचा केंटिया पाम, जो जगभर घराघरांत कुंडीत दिसतो, त्याच्या बिया कधी कधी वर्षभरही हलत नाहीत. शिवाय एकाच घडातल्या बिया एका वेळी उगवतील याचीही खात्री नाही. पहिली बी फुटल्यावर शेवटची काही महिन्यांनी फुटते. ‘बिया खराब निघाल्या’ म्हणून ओतून दिलेल्या मातीत कितीतरी जिवंत बिया असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या दिरंगाईचं एक कारण बी कापून पाहिलं की कळतं. जवळजवळ सगळी बी म्हणजे भ्रूणपोष, साठवलेलं अन्न. भ्रूण त्यात एका कडेला जेमतेम काही मिलिमीटरचा. बी झाडावरून पडते तेव्हा अनेक जातींत तो पुरता वाढलेलाही नसतो. त्यात अन्न साठवण्याची पद्धत न्यारी. खजुराच्या बीत पिठूळ स्टार्च नसतो. पेशींच्या जाड भिंतींमध्ये मॅनन नावाची कठीण शर्करा-साखळी असते. फायटेलिफास नावाच्या पामच्या बीत तर हेच द्रव्य इतकं घट्ट असतं की त्याची बटणं कोरतात आणि त्याला वनस्पतीजन्य हस्तिदंत म्हणतात. एवढं टणक अन्न विरघळवून वापरायचं, तर वेळ लागणारच.

बी ताजी असणं मात्र फार महत्त्वाचं. पावसाळी जंगलांतल्या बहुतेक पामच्या बिया वाळल्या की मरतात. महिनोन्‌महिने पाकिटात पडून राहिलेली बी पेरण्यात अर्थ नसतो. खजूर याला अपवाद, आणि अपवादही केवढा! इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे 2,000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 मध्ये पेरली आणि ती उगवली. त्या झाडाला मेथुसेला नाव दिलं, पुढे ते नर निघालं. ही गोष्ट ऐकून कुणी जुन्या सुपारीसारख्या बिया जपून ठेवू नयेत. कोरड्या वाळवंटी हवेतल्या खजुराला जे साधतं ते इतरांना साधत नाही.

पिकलेल्या फळाचा गर आधी काढून टाकायचा. त्याने उगवण रोखली जाते आणि बुरशीलाही आमंत्रण मिळतं. दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी रोज बदलून गर चोळून काढता येतो. पण हातमोजे घालूनच. फिशटेल पाम म्हणजे भेरली माड, तसंच कॅमेडोरिया, यांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते कातडीत घुसले की तासन्‌तास खाज सुटते.

नंतरची मुख्य गरज उबेची. बहुतेक जातींना 29 ते 35 अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवतं. 20 अंशांखाली बी नुसती पडून राहते, कुजतेही. कोकोपीट आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज कण) यांचं मिश्रण मुठीत दाबलं तर पाणी टपकू नये, इतपत ओलं हवं. त्यात बिया उथळ दाबायच्या, वरून पातळ थर पुरे. झिपच्या पिशवीत ओल्या कोकोपीटबरोबर बिया ठेवून पिशवी उबदार जागी ठेवणारेही खूप आहेत. ही पद्धत मला आवडते, कारण उकरून न पाहता आत काय चाललंय ते दिसतं.

आणि दिसतं ते पाहण्यासारखं असतं. खजुराची बी हातात घ्या. एका बाजूला लांब खाच असते, तिकडून काही होत नाही. पाठीकडे साधारण मध्यावर एक बारीक गोल खळगा असतो, भ्रूण त्याच्या खाली. उगवताना तिथून टोपीसारखा तुकडा ढकलला जातो आणि एक पांढरा दांडा बाहेर येऊन थेट खाली जातो. सगळे त्याला मूळ समजतात. खरं तर तो बीजपत्राचा देठ असतो. भ्रूणाचं टोक त्याच्यातून काही सेंटिमीटर खोल नेलं जातं, तिथून आदिमूळ खाली सुटतं, आणि देठाच्या कुशीला चीर पडून पहिलं पान वर निघतं. बीजपत्राचं दुसरं टोक बीतच राहतं, स्पंजासारखं फुगत जातं आणि अन्न शोषत राहतं. मोड आलेल्या नारळात जो पांढरा गोळा सापडतो तो हाच. मधला देठ म्हणजे रोपाची नाळ. म्हणून पान बाहेर आलं तरी बी तोडून काढायची नाही. नाळ तुटली की रोपाचं जेवण बंद.

खजूर, वॉशिंग्टोनिया, बिस्मार्किया हे अशा दूरच्या उगवणीचे. सेशेल्समधल्या जगातल्या सर्वांत मोठ्या बीचा, कोको द मेरचा, हा देठ काही मीटर लांब जातो. याउलट अरेका, रॉयल पाम, नारळ यांचा कोंब बीला चिकटूनच फुटतो. कुंडी निवडताना हा फरक कामी येतो: पहिल्या गटाला खोल, उंच कुंडी लागते. बिस्मार्कियाची मुळं दुखावली तर तो सहज दगावतो, म्हणून त्याची बी एकेका खोल नळकांड्यातच पेरलेली बरी. जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संप्रेरक लावून उगवण लवकर आणता येते खरी, पण त्याने रोपं लांबुळकी होऊन उभीच राहत नाहीत. तो नाद न केलेला बरा.

फिनिक्स म्हणजे खजुराच्या प्रजातीतल्या जातींचा आपसांत सहज संकर होतो. बागेतल्या कॅनरी खजुरीशेजारी दुसरी कुठली खजुरी फुलत असेल, तर तिच्या बीपासून होणारं रोप आईसारखं दिसेलच असं नाही.

पहिलं पान मोठ्या झाडाच्या पानाशी फारसं जुळत नाही. खजुराचं गवताच्या पात्यासारखं एकसंध येतं, कॅमेडोरियाचं दुभंगलेलं. पुढली काही वर्षं रोप उंच होतच नाही. कॅम्बियम नसल्यामुळे पामला खोड नंतर जाड करता येत नाही; जी जाडी हवी ती आधी जमिनीलगत तयार करावी लागते. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा मोठं, त्याखालचं बूड आधीच्यापेक्षा रुंद, असं चालू राहतं. पूर्ण जाडी आल्यानंतरच खोड वर सरकायला लागतं.