कोकणातला जुना पॉवर टिलर: कुळाचा शोध आणि डागडुजी

कोकणात बैलांच्या जोताची जागा मोठ्या ट्रॅक्टरला घेता आली नाही, याचं कारण जमिनीतच आहे. उतारावर बांध घालून केलेली लहान खाचरं, एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना हातभर पायरी, लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल. तिथे चारचाकी यंत्र न्यायचं तर बांध फोडावा लागतो. म्हणून इथे रुळला तो मागे चालत हाकायचा, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा दोनचाकी टिलर. त्यातले जुने आज कुठे पडवीत, कुठे गोठ्यामागे गंजत उभे असतात आणि किलोच्या भावाने भंगारात जातात. विकण्याआधी त्यांचं कूळ पाहिलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

हे कूळ दोन ठिकाणांहून सुरू होतं. ऑस्ट्रेलियात गिलगांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टरच्या जोरावर फिरणारी पाती चालवून पाहिली. माती भुसभुशीत झाली, पण बाजूला उडू लागली. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वळवलेली पाती बसवल्यावर ती अडचण सुटली. १९२० मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये कारखाना काढला. हॉवर्डच्या सुरुवातीच्या प्रयोगांच्या सुमारास युरोपात, स्वित्झर्लंडमध्ये, कोनराड फोन मायेनबुर्गच्या कल्पनेवरून स्प्रिंगच्या दातांची यंत्रं तयार होत होती.

आपल्या दृष्टीने खरं वळण जपानमध्ये आलं. ओकायामाजवळ कोजिमा खाडी भरून काढलेल्या जमिनीवर, म्हणजे आपल्या खारजमिनीची बहीणच, १९२०च्या दशकात स्विस यंत्रं आणली गेली. भाताचं धसकट आणि पेंढा त्या दातांना गुंडाळून यंत्र अडायचं. तिथल्या कारागिरांनी मग कोयत्यासारखी बाकदार पाती घडवली, आणि भातखाचरात टिकणारा टिलर त्यातून उभा राहिला. १९३३ मध्ये यानमार या जपानी कंपनीच्या मागोकिची यामाओका यांनी छोटं डिझेल इंजिन सिद्ध केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी गावांत हे टिलर लाखोंनी पसरले. भारतात १९६७ मध्ये बंगळुरूची व्हीएसटी ही टिलर बनवणारी कंपनी जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली, १९७३ मध्ये केरळात जपानच्याच कुबोटाच्या तंत्रावर कॅम्को ही कंपनी सुरू झाली. कोकणातले बहुतेक टिलर याच घराण्यातले. म्हणून वेगळ्या घराण्याचं यंत्र दिसलं तर थांबून नीट पाहावं.

नावाची पट्टी बहुधा गळून पडलेली असते. तेव्हा आधी पाना लावून पाहावा. १३ मिमीचा बसत नाही आणि १४चा सैल पडतो, असं बोल्टचं डोकं पाव इंची व्हिटवर्थचं (हे जुनं ब्रिटिश इंची माप), म्हणजे यंत्र ब्रिटिश असण्याची शक्यता मोठी. १० मिमी जाडीच्या बोल्टला १४चा पाना चपखल बसला तर जपानकडे बोट दाखवावं. मग पाती पाहावीत: ‘एल’ आकाराची की बाकदार? इंधनाच्या टाकीत दोन कप्पे असतील तर इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर चालवायचं आहे. गिअरबॉक्सच्या ओतकामावर उठलेले आकडे टिपून ठेवावेत. इंजिनावरच्या नावाला मात्र एकट्याला भुलू नये. मूळ इंजिन दमल्यावर दुसरं बसवण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे सांगाडा एका देशाचा आणि इंजिन दुसऱ्याचं, असं सहज सापडतं.

दुरुस्तीत आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे खारी, दमट हवा. ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी धरते, पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. पिस्टनवर हातोडा कधीही घालू नये. सिलिंडरच्या तोंडातून डिझेल सोडून ते मुरू द्यावं आणि फ्लायव्हील हाताने थोडं पुढे, थोडं मागे हलवत राहावं. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलेलं आहे; सील आणि बेअरिंगं पाहिल्याशिवाय नवं तेल ओतणं म्हणजे पैसे वाया.

रंगाची घाई तर मुळीच करू नये. टाकीखाली किंवा पट्ट्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मूळ रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. तेवढा भाग न घासता राखावा, आणि गॅरेजवाल्याच्या हाती यंत्र देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.