व्यायामाची तीव्रता, स्मरणशक्ती आणि मनाचा ताबा

व्यायाम केला की डोकं चांगलं चालतं हे सगळ्यांनाच माहितेय, पण किती जोरात केला की नेमकं काय सुधारतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. हलका, मध्यम आणि दमवून टाकणारा, तिन्ही प्रकारचा व्यायाम मेंदूपर्यंत पोचतो, फक्त स्मरणशक्ती आणि मनाचा ताबा या दोघांचं गणित सारखं नाहीये. ताब्याला साधारण मध्यम जोर मानवतो, आठवणी पक्क्या व्हायला मात्र बऱ्याचदा दम लागेपर्यंतचा व्यायामही चालतो, उलट जास्त चालतो. त्यामुळे "मेंदूसाठी बेस्ट व्यायाम कोणता" याचं एका ओळीत उत्तर देणारे लेख वाचताना जरा सावध राहावं.

तीव्रता म्हणजे घाम किती आला ते नाही. साधा हिशोब हार्ट रेटचा. 220 मधून वय वजा केलं की कमाल हार्ट रेट अंदाजे मिळतो (अंदाजेच, माणसामाणसात बराच फरक पडतो), त्याच्या 64 ते 76 टक्के म्हणजे मध्यम आणि 77 ते 95 टक्के म्हणजे जोरदार. 40 वर्षांच्या माणसाचा कमाल रेट 180 धरला तर मध्यम व्यायाम साधारण 115 ते 137 ठोक्यांमध्ये बसतो. घड्याळ नसेल तर बोलून बघायचं, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम, आणि दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय म्हणजे जोरदार. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांची 6 ते 20 ची स्केल पण खूप वापरतात, त्यात माणूस स्वतःच सांगतो की किती जड जातंय. जो स्पीड एकाला किरकोळ वाटतो त्यात दुसऱ्याची दमछाक होते, म्हणून ट्रेडमिलवरचा आकडा तीव्रता म्हणून धरता येत नाही.

मनाचा ताबा म्हणजे नको तो प्रतिसाद रोखणं, माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं आणि गरज पडली की नियम बदलून विचार करणं. हे मोजायला जॉन रिडली स्ट्रूप यांची 1935 ची टेस्ट आजही चालते. स्क्रीनवर "लाल" हा शब्द हिरव्या रंगात येतो आणि तुम्ही शब्द न वाचता रंग सांगायचा असतो. तोंडातून "लाल" निसटायला बघतं, ते दाबून "हिरवा" म्हणायला जो क्षणभर जास्त लागतो तोच मोजतात. मध्यम व्यायामानंतर थोड्या वेळाने ही टेस्ट घेतली तर बऱ्याच अभ्यासांमध्ये हा वेळ कमी झालेला दिसतो, फरक छोटा असतो पण असतो.

व्यायाम चालू असताना मात्र चित्र उलटं होऊ शकतं. संशोधक आर्ने डीट्रिच यांची मांडणी अशी की मेंदूकडे साधनं मर्यादित आहेत, शरीर जोरात पळत असताना हालचाल आणि संवेदना सांभाळणाऱ्या भागांना ती द्यावी लागतात, मग कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं काम तात्पुरतं मंदावतं आणि ताबा नेमका तिथेच बसलेला असतो. दुसरं स्पष्टीकरण रसायनांचं. नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामिन थोडे वाढले की हा भाग छान चालतो, फार वाढले की ढेपाळतो. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात पाहिलं होतं की अवघड काम शिकताना मध्यम उत्तेजना जास्त फायद्याची ठरते, तोच उलट्या यू चा आकार (उत्तेजना कमी तर फायदा कमी, मध्यम तर जास्त, फार झाली की पुन्हा कमी) पुढे व्यायामालाही लावला गेला. मला वाटतं ताब्यापुरता तो बऱ्यापैकी बसतो, स्मरणशक्तीला मात्र ओढूनताणून बसवावा लागतो.

कारण स्मरणशक्तीचे निकाल बघा. 2007 च्या एका जर्मन अभ्यासात तरुणांनी 3 मिनिटांचे दोन जोरदार स्प्रिंट मारले आणि मग नवीन शब्द पाठ केले, तर आरामात पळल्यावर किंवा नुसतं बसल्यावर लागला त्यापेक्षा 20 टक्के वेगाने ते शिकले. 2012 मध्ये मार्क रोइग आणि सहकाऱ्यांनी हाताचं एक कौशल्य शिकवून लगेच जोरात सायकल मारायला लावली, तर 7 दिवसांनी ते कौशल्य जास्त टिकलेलं सापडलं. इथे वेळेचाही खेळ आहे. 2016 च्या डच प्रयोगात लोकांनी 90 चित्रं स्क्रीनवर कुठे होती ते लक्षात ठेवलं, मग काहींनी लगेच आणि काहींनी 4 तासांनी 35 मिनिटं इंटरव्हल सायकलिंग (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश) केलं, आणि दोन दिवसांनी 4 तास थांबलेल्यांना जास्त आठवत होतं, लगेच केलेल्यांना व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. जोरदार व्यायामात स्नायूंमधून लॅक्टेट रक्तात येतं आणि मेंदूतही पोचतं, उंदरांमध्ये त्याने हिप्पोकॅम्पसमधलं (मेंदूतला आठवणी तयार करणारा भाग) बीडीएनएफ नावाचं प्रोटीन वाढलेलं दिसलंय, ते पेशींमधली जोडणी मजबूत करायला मदत करतं.

पण म्हणून हलक्या व्यायामाला मोडीत काढू नका. 2018 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी फक्त 10 मिनिटं अगदी हलकी सायकल चालवायला दिली, आणि लगेच नंतर लोकांना एकमेकांसारखी दिसणारी चित्रं जास्त नीट वेगळी ओळखता आली.

महिनोन्महिने केलेल्या व्यायामाची गोष्ट आणखी वेगळी. 2011 च्या अमेरिकन अभ्यासात 120 वयस्कर लोकांपैकी अर्धे वर्षभर आठवड्यातून तीनदा चालले, तेही हळूहळू 40 मिनिटांपर्यंत वाढवत, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग साधारण 2 टक्क्यांनी वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा कमी झाला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मात्र 60 ते 88 वयाच्या, आधी व्यायाम न करणाऱ्या 64 जणांवर 12 आठवडे प्रयोग झाला. 4 मिनिटं जोरात आणि मधे सावकाश अशा चार फेऱ्या करणाऱ्यांचीच सारख्या गोष्टींत गल्लत न होऊ देणारी मेमरी सुधारली, सलग मध्यम वेगाने चालणाऱ्यांची नाही, आणि ज्यांचा फिटनेस जास्त वाढला त्यांची मेमरीही जास्त सुधारली.