व्ह्यूफाइंडरमधून होणारी प्रकाशगळती

प्रकाशगळती, व्ह्यूफाइंडरमधून होणारी : एसएलआर किंवा डीएसएलआर (आरशावरून चित्र दाखवणाऱ्या, अनुक्रमे फिल्मच्या आणि डिजिटल) कॅमेऱ्याच्या पाठीमागे डोळा लावून पाहायची जी काच असते, तिच्यातून बाहेरचा उजेड आत शिरून फिल्मवर किंवा डिजिटल कॅमेऱ्यात तिच्या जागी असलेल्या सेन्सरवर पडणे. शटर क्षणभरच उघडत असेल तर हा उजेड जाणवत नाही. तेच शटर अर्धा मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे उघडे राहिले की फोटोवर जांभळट पट्टा उमटतो, मधेच धुरकट डाग दिसतो किंवा एक बाजू फिकुटलेली येते. रंकाळ्यावर, पंचगंगा घाटावर किंवा राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्यावर ट्रायपॉड लावणाऱ्या कोल्हापूरच्या छायाचित्रकारांनी हा डाग कधी ना कधी पाहिलेला असतो. फक्त पुष्कळजण त्याचे खापर लेन्सवर, नाहीतर नव्याने घेतलेल्या फिल्टरवर फोडतात.

या कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांत तिरक्या बसवलेल्या आरशावरून वर वळतो. तिथल्या घासलेल्या काचेवर चित्र उमटते आणि प्रिझममधून ते डोळ्यापर्यंत पोचते. जी वाट डोळ्यापर्यंत येते, तीच उलटी आतही जाते. बटण दाबल्यावर आरसा वर उचलला जातो, घासलेल्या काचेखाली जाऊन बसतो आणि झाकणाचे काम करतो. पण हे झाकण लोणच्याच्या बरणीसारखे गच्च बसत नाही. आरशाला सेकंदात अनेकदा वर-खाली व्हायचे असते, त्यामुळे त्याच्या कडांना बारीक फट ठेवावीच लागते. वरच्या बाजूला फोमची पट्टी असते, तिचे मुख्य काम आरसा आपटल्याचा धक्का झेलणे. उजेड थोडाफार अडतो तो बोनस. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीत हा फोम वयोमानाने चिकट होतो आणि झडू लागतो, मग फट आणखी वाढते.

आता खरा घोटाळा कुठे होतो ते पाहू. भर दिवसा धबधब्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून लेन्सपुढे दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावतात. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पटींनी कमी. पावसाळी ढगाळ दिवशी लेन्सच्या एफ ११ या छिद्राला १/३० सेकंद लागत असेल, तर फिल्टर लावल्यावर सुमारे ३४ सेकंद लागतात. समोरून येणारा एकूण उजेड तेवढाच राहतो, कारण फिल्टरने जे कापले ते वेळेने भरून काढले. पाठीमागच्या काचेवर मात्र कसलाच फिल्टर नाही. तिथून झिरपणारा उजेड १/३० ऐवजी ३४ सेकंद झिरपत राहतो, म्हणजे तोही हजार पटींनी वाढतो, आणि त्याला कापणारे मधे कोणी नाही. फिल्टर जितका गडद, तितकी ही गळती ठळक. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की ‘फिल्टर लावल्यापासून डाग यायला लागलाय, म्हणजे फिल्टरच खराब’ हा निष्कर्ष किती सहज निघतो आणि किती चुकीचा आहे, ते कळते. रात्रीचे गणित फिल्टरशिवायही असेच चालते : समोर अंधार, शटर उघडे, आणि मागे रस्त्यावरचा दिवा.

चिंचोळ्या वाटेने उजेड किती आतवर पोचतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवात नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. त्या वाटेत एखादी इमारत किंवा फलक आडवा आला की किरणे अडतात आणि शहरात चर्चा सुरू होते. कॅमेऱ्यात सगळे उलट आहे. वाट आपणच बंद करायची असते, आणि ती बंद करणारे कोणी नसेल तर सूर्य आपले काम चोख करतो.

म्हणून या दोषाच्या बाबतीत समोरच्या देखाव्यापेक्षा पाठीमागे काय आहे ते आधी बघावे. रंकाळ्याचे उदाहरण घ्या. तलाव शहराच्या पश्चिमेला आहे. चौपाटीकडून पाण्याकडे तोंड केले की संध्याकाळी सूर्य समोर मावळतो, आणि पाठीमागून फार तर गाड्यांचे दिवे येतात. त्याच जागी सकाळी उभे राहिले की कोवळे ऊन थेट पाठीवर, म्हणजेच थेट व्ह्यूफाइंडरच्या काचेवर पडते. पाणी गुळगुळीत व्हावे म्हणून चार मिनिटांचे एक्स्पोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) लावून शेजारच्या टपरीवर चहा प्यायला जाणारा छायाचित्रकार परत येऊन तलावातल्या दगडी संध्यामठाच्या मधोमध जांभळी रेघ बघतो. प्रस्तुत लेखकाने ती बघितलेली आहे, एकदा नव्हे दोनदा.

पंचगंगा घाटाची अडचण वेगळी. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात. ट्रायपॉड खालच्या पायरीवर, तोंड नदीकडे. घाट मात्र मागे पायरी-पायरीने चढत जातो, त्यामुळे वरच्या पायऱ्यांवरच्या पणत्या आणि लोकांच्या हातातले मोबाइलचे टॉर्च नेमके कॅमेऱ्याच्या पाठीच्या उंचीला येतात. सपाट रस्त्यावर जो उजेड खाली जमिनीवर राहिला असता, तो इथे काचेत घुसतो. गर्दीत कोणाला ‘टॉर्च बंद करा’ म्हणण्यात अर्थ नसतो. काच झाकणे सोपे.

झाकायचे कशाने, याचे उत्तर बहुतेकांच्या बॅगेतच असते. कॅननच्या पुष्कळ डीएसएलआरच्या गळ्यातल्या पट्ट्यावर रबराचा एक लहानसा चौकोनी तुकडा ओवलेला येतो. वर्षानुवर्षे कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्यांनाही तो शोभेचा वाटतो. तो याच कामासाठी आहे : आधी डोळ्याचा रबरी आयकप वर सरकवून काढायचा आणि त्याच्या जागी हा तुकडा बसवायचा. निकॉनच्या अनेक मॉडेलांबरोबर डीके-५ नावाची प्लॅस्टिकची टोपी येते, तीही तशीच बसते. वरच्या श्रेणीच्या बॉडीत, उदाहरणार्थ निकॉन डी७००, डी८००, डी८५० किंवा कॅननची वन-डी मालिका, काचेच्या आतच एक पडदा असतो आणि तो शेजारच्या छोट्या खटक्याने बंद होतो. हा खटका बंद राहिला आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरवर डोळा लावला की समोर ठार काळोख दिसतो. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरण्याआधी बोट तिकडे न्यावे.

काढलेला आयकप खिशात जातो आणि खिशातून हरवतो. म्हणून बरेचजण तो काढतच नाहीत, त्यावरूनच काळी इन्सुलेशन टेप आडवी लावतात. टेप लावावी, पण आयकपच्या रबरावर. काचेवर लावली तर डिंक राहतो. पांढरा कागद किंवा रुमाल मात्र उपयोगाचा नाही, कारण पातळ कापड उन्हात नुसते उजळते. हाताने काच दाबून धरणे तर सगळ्यात वाईट : गळती थांबते आणि फोटो हलतो. राऊतवाडीला पावसात टेप चिकटतच नाही. तिथे कॅमेऱ्यावर धरलेली काळी छत्री थोडी मागे झुकवली तर पाऊस आणि पाठीमागचे आभाळ दोन्ही अडते. आयकपच्या जागी रबरी तुकडा असेल तर आणखी बरे. थंडीत पन्हाळ्यावर तारे टिपायला गेलेल्यांना काळ्या घोंगडीची घडी कॅमेऱ्यावर टाकता येते, मात्र ती लेन्सपुढे लोंबणार नाही एवढे बघावे. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० च्या ‘सैरंध्री’आधी चित्रपटाचा कॅमेराच स्वतः घडवला, तिथे टेपच्या तुकड्याची लाज कोणी बाळगू नये.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. फिल्टर न लावता चौकट आणि फोकस ठरवायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा, मग काच झाकायची आणि शेवटी फिल्टर. दहा स्टॉपचा फिल्टर बसल्यावर व्ह्यूफाइंडरमधून तसेही काही दिसत नाही, तेव्हा काच झाकल्याने काही बिघडत नाही. ‘मिरर अप’ केले, म्हणजे आरसा आधीच वर उचलून ठेवला, की गळती थांबली, असा एक समज आहे. त्याने आरशाचा हादरा टळतो, गळती नाही. लाइव्ह व्ह्यूमध्येही (चित्र मागच्या स्क्रीनवर बघताना) आरसा वरच असतो आणि फट तीच.

याच काचेमुळे होणारा दुसरा दोष आहे आणि तो वेगळा ओळखला पाहिजे. उजेड मोजणारा सेल बहुतेक डीएसएलआरमध्ये प्रिझमच्या जवळ असतो. डोळा काचेला लावलेला नसेल तर मागून आलेला उजेड त्यालाही फसवतो, कॅमेऱ्याला देखावा आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि फोटो काळपट येतो. सेल्फ-टायमरवर घरच्यांचा फोटो काढताना हेच होते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात टायमरच्या पानावर काच झाकायची सूचना असते ती यासाठी. मॅन्युअल किंवा बल्ब मोडमध्ये (शटर हवे तेवढा वेळ उघडे ठेवण्याची सोय) एक्स्पोजर आपणच ठरवतो, म्हणून हा दोष उरत नाही. जांभळट पट्ट्याचा दोष उरतो.

आपल्या बॉडीत गळती किती, हे घरीच तपासता येते. लेन्सला टोपी घालून, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) नेहमीचाच ठेवून दोन मिनिटांचे एक्स्पोजर द्यावे आणि त्या वेळात मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेवर वीतभर अंतरावरून धरावा. दुसरा फोटो काच झाकून घ्यावा. दोन्ही संगणकावर उजळवून बघावेत. पहिल्यात डाग आणि दुसऱ्यात निव्वळ काळे, तर चोर सापडला. दोन्हींत डाग असेल तर लेन्स जिथे बसते ती कडा किंवा कार्डाचे झाकण तपासावे. चौकोनी फिल्टरच्या होल्डरमधली फट मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण टोपीने तो रस्ताच बंद झालेला असतो. संपूर्ण फोटोवर सारखाच तांबूस रंग चढला असेल तर ती गळती नव्हे. स्वस्तातले एनडी फिल्टर अवरक्त किरण पुरते अडवत नाहीत, त्याचा तो परिणाम. गळतीचा डाग त्या बॉडीत बहुधा त्याच भागात येतो, देखावा कोणताही असो.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले ठिपके घालवण्याची कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवल्याने डाग जात नाही. त्यासाठी कॅमेरा शटर बंद ठेवून दुसरा काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. शटर बंद असताना गळलेला उजेड सेन्सरवर पोचतच नाही, मग वजा काय होणार. नंतर संगणकावर पट्टा पुसण्याची खटपट करता येते, पण पाण्याच्या किंवा आभाळाच्या सपाट भागावर ती दिसतेच. कृष्णधवल केल्यास रंग जातो, फिकेपणा राहतो.

स्टुडिओंत एकेकाळी असणाऱ्या दोन भिंगांच्या रोलिफ्लेक्स, याशिका कॅमेऱ्यांना ही व्याधी नव्हती, कारण बघायचे भिंग आणि फोटो घेणारे भिंग यांचे कप्पे वेगळे. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांनाही ती नाही : त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटी स्क्रीन असते, तिथून सेन्सरकडे जाणारी वाटच नसते. डीएसएलआरवरून मिररलेसवर आलेले काहीजण सवयीने तिथेही टेप लावतात. मग काचेशेजारच्या, डोळा ओळखणाऱ्या सेन्सरला डोळा जवळ आल्याचा भास होतो, मागची स्क्रीन बंद पडते, आणि घाटावर भल्या पहाटे बॅटरीची शोधाशोध सुरू होते.