नक्षी भिंतीत का गडप होते? पॅरिसच्या छोट्या घरांची पार्श्वभूमी

पॅरिसमधल्या छोट्या फ्लॅटमध्ये शिरलात की आधी छताकडे बघा. प्लास्टरच्या पानाफुलांची पट्टी तीन भिंतींच्या कडेने फिरते आणि चौथ्या भिंतीत मध्येच गडप होते. ती चौथी भिंत मागाहून घातलेली. आजची वीस-पंचवीस चौरस मीटरची जागा म्हणजे कधीकाळच्या ऐसपैस घराचा एक तुकडा. संगमरवरी शेकोटी तुमच्या वाट्याला आली, तर बाल्कनी शेजाऱ्याच्या.

तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८५३ ते १८७० या काळात, प्रशासक ओसमान यांनी दाट गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले. त्यांच्या कडेने एका साच्यातल्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. १८५९ च्या नियमाने २० मीटर रुंदीच्या रस्त्यावर दर्शनी भिंत २० मीटरपर्यंतच चढवता येई. त्यावर जस्ती पत्र्याचं उतरतं छप्पर. खाली दुकानं, दुसऱ्या मजल्यावर श्रीमंत बिऱ्हाड. उंच छत, दाट नक्षी, प्रशस्त बाल्कनी तिथेच. जिने वाढले की भाडं उतरे. अगदी वर, छपराखाली, मोलकरणींच्या खोल्या: एक झरोका, एक खाट, ये-जा करायला मागचा वेगळा जिना आणि पॅसेजमध्ये सामाईक नळ-संडास. चाळीत वाढलेल्यांना याहून जास्त सांगायला नको. ज्या जुन्या साजाला आज भाव येतो, ती मजल्यागणिक मापून दिलेली प्रतिष्ठा होती, हे सजावटीची मासिकं सहसा सांगत नाहीत.

लिफ्ट आली आणि ही उतरंड उलटी झाली. उजेड आणि छपरांचा देखावा असलेले वरचे मजले महागले. घरात राहणारे नोकर कमी होत गेले, तशा त्यांच्या खोल्या विद्यार्थ्यांकडे आणि एकट्या भाडेकरूंकडे गेल्या.

नव्या डिझाइनने या माळ्यांत पाऊल टाकलं ते मात्र त्याआधीच. १९२७ मध्ये २४ वर्षांच्या डिझायनर शार्लोत पेरियाँने सँ-स्युल्पीस चौकातल्या आपल्या माळ्यावरच्या घराचा बार प्रदर्शनात मांडला. लाकडी कोरीवकामाऐवजी चकचकीत धातू आणि काच! त्याआधी नामवंत वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने ‘आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही’ म्हणून तिला परत पाठवलं होतं. हा बार पाहून त्यानेच तिला कामावर घेतलं.

पुढे कायद्यांनी बाहेरचं रूप गोठवलं. १९४३ पासून संरक्षित वास्तूच्या ५०० मीटर परिसरात बाहेरून दिसणारे बदल परवानगीशिवाय करता येईनात. १९६२ च्या मालरो कायद्याने अख्खे जुने भाग जपण्याची सोय केली. मोडकळीला आलेला ‘मारे’ हा पॅरिसचा जुना भाग त्यामुळेच वाचला. दर्शनी भागाला हात लावायचा नाही म्हटल्यावर हौस आतच भागवायची. म्हणून नक्षीखाली सपाट पांढरा ओटा, विझलेल्या शेकोटीत पुस्तकं आणि झोपायच्या कोपऱ्यापुढे लोखंडी चौकटीची काच, म्हणजे आडोसा होतो आणि उजेडही अडत नाही.

माळ्यावरचं गणित आणखी गमतीचं. २००२ च्या नियमाप्रमाणे भाड्याच्या घरातली मुख्य खोली किमान ९ चौरस मीटर आणि २.२० मीटर उंच हवी, किंवा २० घनमीटर तरी भरायला हवी. विक्रीच्या वेळी मात्र, १९९६ च्या कायद्यानुसार, १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरतच नाहीत. छपराच्या उताराखालच्या त्या कागदावर नसलेल्या जागेत सुतार खणांची कपाटं बसवतो आणि पलंगाची उशाकडची बाजू आत सरकवून देतो.